वरची कडी

१२ मार्च, मंगळवार

पिन पडली. पाण्यात. आवाजसुद्धा आला नाही, एवढीशी ती.

पिन गेली ती गेली, पुढे तमाशा झाला. शिडाचं वरचं टोक डाव्या हातात, त्याला दोरीशी जोडणारी कडी उजव्यात, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि कडी सुटली. दोरीचं दुसरं टोक माझ्याच पायात गुंतलेलं. मी दचकून मागे सरले, दोरी ओढली गेली आणि कडी सर्रकन डोलकाठीच्या शेंड्याला. नुसती कडी! शीड खाली माझ्या पायाशी गोळा होऊन पडलेलं, आणि त्याला वर न्यायची दोरी एकटीच वर जाऊन बसलेली.

धक्क्यावर नेमके सगळे हजर. एरवी हाक मारली तर चिटपाखरू नसतं. शेवटी बोट-क्लबचा रंगारी काठीवर चढला आणि दोरी खाली घेऊन आला. तो नुसता हसला. सेक्रेटरी बोलले. "मॅडम, आता पुरे करा. दोघं होतात तेव्हा गोष्ट वेगळी होती." आवाज एकदम मऊ. मी जन्मभर दात उपटायच्या आधी पेशंटशी ज्या आवाजात बोलले, अगदी तोच. मला शिकवतायत.

मी म्हटलं, "परीक्षा घ्या माझी." रागात निघून गेलं तोंडातून. आता घेणार आहेत.

१३ मार्च, बुधवार

वाटलं होतं सकाळपर्यंत राग उतरेल. उतरला नाही, मुरला.

परीक्षेचं ठरलं. तीस तारखेला, शनिवारी सकाळी. बोटीत मी एकटी. मोठं शीड एकटीनं चढवायचं, पाण्यात तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालायचा, शीड उतरवून धक्क्याला परत यायचं. सेक्रेटरी आणि कमिटीचे आणखी दोघं धक्क्यावर उभे राहून बघणार. जमलं तर बोट आहे तिथे राहील. नाही जमलं तर धक्क्यावरची आमची जागा महिनाअखेर दुसऱ्याला. आणि जागा गेली की बोट ठेवणार कुठे? घराच्या गच्चीवर?

चिरंजीवांनी बोटीला गिऱ्हाईक आधीच बघून ठेवलंय. मला न विचारता. "आई, नुसती पडून आहे ती." पडून? गेल्या वर्षी ह्यांचं दुखणं निघालं तेव्हापासून दर आठवड्याला जाते. पाणी उपसते, दोऱ्या धुते, शेवाळ खरवडते. शीड तेवढं चढवत नव्हते, कारण ते काम कप्तानांचं.

कप्तान म्हणजे हेच. लग्नानंतर पहिल्यांदा बोटीत बसवलं आणि तासभर नुसते हुकूम सोडले, तेव्हा चिडून ठेवलेलं नाव. चिकटलं ते चिकटलंच. मी सुकाणूवर, ते काठीपाशी, अशी आमची वाटणी. कडी लावणं, दोरी ओढणं, सगळं त्यांचं. मी मागून ओरडायचे, "लागली का कडी?" ते म्हणायचे, "नाही." लागलेली असली तरी आधी "नाही". सिनेमाला जायचं? नाही. चहा घेणार? नाही. आणि मग कप पुढे करायचे.

आता उजवा हात गेला, उजवा पाय अर्धामुर्धा, आणि शब्द उरले तीन. पाणी. हो. कडी. ज्या माणसानं जन्मभर प्रत्येक गोष्टीला आधी "नाही" म्हटलं, त्याचं नेमकं "नाही"च जावं, ह्याला काय म्हणायचं?

"कडी" कसं राहिलं ते मात्र कळतं. दाराची कडी लागली का हे दहादा बघायची खोड. मी धक्क्यावर जायला निघाले की अजूनही म्हणतात, "कडी." मी म्हणते, "हो हो, लावते." आणि लावते, बाहेरून. मागे एकदा मी जरा भाजी आणायला गेले, तर एकटेच जिना उतरायला निघाले. पायरीवर बसलेले सापडले, कपाळ फुटलेलं. त्याच रविवारी चिरंजीवांनी येऊन दाराला बाहेरून, अगदी वरच्या बाजूला, ही भलीदांडगी कडी ठोकली. आरपार बोल्ट, आतून नट. "स्क्रू नकोत आई, लाकूड जुनं आहे, निघून येतील." तास-दीड तासाचा तर प्रश्न असतो. खालच्या मजल्यावरच्या वहिनींचे कान तिखट आहेत, काही वाजलं-पडलं तर धावतात.

१४ मार्च, गुरुवार

बोटीच्या सामानाच्या दुकानात गेले.

दुकानात तिला शॅकल म्हणतात. आमच्या घरात ती "वरची कडी", कारण शिडाला धरून ती पार काठीच्या शेंड्यापर्यंत जाते. पोलादाचा वाकवलेला आकडा आणि त्याच्या तोंडाशी आडवी पिन, बस्स, एवढीच वस्तू. दोरी एकीकडे, शीड दुसरीकडे, मधे ही. आमची जुनी होती ती पिन पूर्ण आटे फिरवून बाहेर काढायची. कप्तानांच्या हातात कधी पडली नाही. माझ्या अंगठ्याच्या बुडाशी सांधा झिजलाय. जन्मभर लोकांच्या दाढांशी कुस्ती खेळल्याचं बक्षीस. मोठं काही धरता येतं, पण एवढीशी पिन चिमटीत धरून फिरवायची म्हटलं की अंगठा संपावर.

दुकानदारानं खटक्याची कडी काढली. टिकलीएवढी रिंग ओढली की खट्‌कन उघडते. "ताई, हीच न्या. एका बोटानं उघडते. बायका हीच नेतात."

शेवटचं वाक्य बोलायची काय गरज होती? मला खरं म्हणजे तीच आवडली होती, म्हणून दात-ओठ खाऊन घेतली.

१५ मार्च, शुक्रवार

बोट धक्क्याला बांधलेली असतानाच खटक्याच्या कडीनं शीड चढवून पाहिलं. खट्‌, ओढ, वर! उतरव, खट्‌, सुटलं. पिन पडायची भीती नाही, अंगठ्याला काम नाही. एकटीच हसत बसले. समोरच्या बोटीवरच्या कुत्र्यानंही मान वाकडी करून पाहिलं.

१७ मार्च, रविवार

तोंडावर आपटले.

आज बाहेर पाण्यात नेली. वारा बऱ्यापैकी. वळताना शीड फडफडायला लागलं, फाडफाड, आणि त्या फडफडीत खटक्याची रिंग मागच्या दोरीत अडकली असणार. खट्‌. जो आवाज परवा एवढा गोड लागला होता तोच. अख्खं शीड माझ्या डोक्यावर! कापडाखाली चाचपडत सुकाणू शोधलं, इंजिन लावलं, परत आले. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. ठरवून फिरायला निघालेली बाई दिसावी तशी उतरले.

सेक्रेटरींच्या गळ्यात दुर्बीण होती.

घरी आल्यावर ह्यांच्या समोर ती कडी टेबलावर आदळली. म्हटलं, "बघा तुमच्या बायकोची अक्कल." ते कडीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "पाणी," म्हणाले. आणून दिलं तर प्यायले नाहीत. माझ्याकडे सरकवलं. माझा घसा कोरडा पडला होता हे मला तेव्हा कळलं.

१८ मार्च, सोमवार

चिरंजीवांचा फोन. क्लबमधून बातमी पोचलेली, तीही तिखटमीठ लावून.

"आई, तुला काही झालं तर बाबांचं कोण बघणार?"

हे बरोबर आहे, आणि तरी मला संताप आला. ह्या एका वाक्यावर कुठलीही बाई घरात बसवता येते. मी म्हटलं, "मग काय, मलाही बाहेरून कडी लावून ठेवणार आहेस का?"

"तसं नाही गं म्हणायचं मला."

"मग कसं?"

म्हणाला, "तुझं वय..." मी फोन ठेवला. वय मला माहीत आहे. त्याच्या जन्माच्या वेळी मी तिथे हजर होते.

१९ मार्च, मंगळवार

शब्द शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. चित्रांचे पत्ते मांडतात, कप्तान बघतात, बाई वाट बघतात. वाट बघतात म्हणजे किती! मला बसवत नाही. आज कपाचं चित्र आलं आणि ह्यांचे ओठ हलले, तर मी म्हटलं, "चहा. चहा हवाय त्यांना."

बाई मला म्हणाल्या, "तुम्ही फार पटकन उत्तर देता. त्यांचं वाक्य त्यांना पुरं करू द्या ना. जरा थांबत जा."

मला थांबायला सांगतात! माझ्या खुर्चीत माणूस बसायचा तो तोंड उघडून, त्यात माझे दोन हात, आरसा, नळी. तो नुसता "आँ आँ" करायचा आणि मला कळायचं, दुखतंय, की थुंकायचंय, की घरी जायचंय. एवढी वर्षं मी "आँ"चा अर्थ लावला आणि चुकले नाही. तीन शब्द तर चैन झाली.

बाई गेल्यावर चहा केला. प्यायले की.

२० मार्च, बुधवार

पुन्हा दुकान. ह्या खेपेला मी आधीच सांगितलं, बायका काय नेतात ते सांगू नका, पिन न पडणारी दाखवा. दुकानदार ओशाळला. चांगला माणूस आहे तसा.

निघाली एक! पिनीला अर्धा फेरा दिला की सुटते, पण कडीतून बाहेर येतच नाही. आत अडकूनच मागे-पुढे सरकते. पाण्यात पडायचा प्रश्नच नाही. आणि खटका नाही, म्हणजे फडफडीत उघडायचाही नाही. हे कुणाच्या डोक्यातून आलं त्याचे दात मी फुकट साफ करून देईन.

निघताना "कडी". हो हो. लावली.

२१ मार्च, गुरुवार

अडकलं. शीड सगळं वर गेलं आणि शेवटची वीतभर राहिली असताना अडकलं. ओढ ओढ ओढलं, हलेना. खाली येईना, वर जाईना. सेक्रेटरी बाकावर बसून शेंगदाणे खात होते. त्यांच्या देखत वीस मिनिटं नाकी नऊ आले.

शेवटी सुटलं. खाली घेऊन पाहिलं तर दोष कळला. शिडाच्या वरच्या टोकाला कडक पत्रा असतो, त्याच्या भोकात कडी अडकते. ही कडी आखूड. तिचा जबडा त्या पत्र्याची कड ओलांडून पलीकडे पोचतच नाही, म्हणून पत्रा तिरका होतो आणि काठीच्या खाचेत रुततो. अगदी वाकडा चावा. वरचे दात खालच्यांवर बसत नाहीत. जुनी कडी लांब जबड्याची होती, ती उगाच नव्हती.

म्हणजे मला हवी ती लांब जबड्याची आणि न पडणाऱ्या पिनीची. एवढं कळायला तीन कड्या लागल्या.

२२ मार्च, शुक्रवार

दोरीची कडी. धातू नाहीच, विणलेल्या दोरीचा फास आणि गाठ. हलकी, मऊ, अंगठा खूश.

२३ मार्च, शनिवार

पत्र्याच्या भोकाची कड करवतीसारखी आहे. दोन खेपांत दोरीचे तंतू निघाले. बाद.

परीक्षा पुढच्या शनिवारी.

२४ मार्च, रविवार

आज रडले. आधी तेच लिहून टाकते.

आज निघताना हे पुन्हा "कडी" म्हणाले, आणि मी चप्पल घालता घालता म्हटलं, "हो, लावते." तर जोरात म्हणाले. "कडी! कडी!" टेबलावर डावा हात आपटला. टेबलावर माझ्या सगळ्या फसलेल्या कड्या पडलेल्या होत्या, त्या उडाल्या.

आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. दाराची कुठली! वरची कडी! इतके महिने मी दाराची कडी समजत बसले, आणि हे बिचारे मला बोटीचं सांगत होते. त्यांचं सगळं आयुष्य त्या काठीपाशी गेलं, त्यांना दुसऱ्या कसल्या कडीची पडली असणार? मी तिथेच खाली बसले आणि रडले. मला वाटत होतं मी एकटी लढतेय, आणि इथे माझा माणूस रोज मला सल्ला देत होता.

मग कड्या ओळीनं मांडल्या. खटक्याची दाखवली. त्यांनी बोटानं दूर सारली. बरोबर! आखूड दाखवली. तीही दूर. बरोबर! दोरीची उचलून बघितलीसुद्धा नाही. मी म्हटलं, "लांब जबड्याची हवी ना? आणि पिन न सुटणारी?" "हो," म्हणाले. मग दाराकडे बोट केलं. "कडी. हो. हो."

म्हणजे जा, आणि आण. हुकूम सोडायची खोड अजून गेली नाही. मी डोळे पुसले आणि गेले. रविवार असल्यामुळे दुकान बंद.

२५ मार्च, सोमवार

मिळाली.

दुकानदार म्हणत होता नाहीच येत तसली. मी हटून बसले. म्हटलं, मी उठणार नाही, गिऱ्हाइकांना सांगा की ह्या बाई सामानातल्याच आहेत. शेवटी त्यानं माळ्यावरून जुन्या मालाचा डबा उतरवला. तळाशी, तेलकट कागदात. लांब जबडा, अडकलेली पिन, अर्धा फेरा. शिडाच्या पत्र्याचा कागदी छाप मी बरोबर नेला होता, दातांचा घेतात तसा. तंतोतंत बसली.

घरी आणून दाखवली. कप्तानांनी हातात घेतली, पिन अंगठ्यानं चाचपली, आणि पहिल्यांदा नीट हसले, डावीकडून का होईना. "कडी," म्हणाले, आणि पुन्हा दार दाखवलं. म्हटलं, "अहो, शनिवारी जायचंय. घाई काय?"

२६ मार्च, मंगळवार

एक अडचण. पिन नवीन आणि घट्ट. बोटांनी वळत नाही. ती वळवायला चपटा पाना मिळतो, एका टोकाला पिनीसाठी खाच, दुसऱ्या टोकाला नटासाठी सहाकोनी भोक. पण पाना पत्र्यासारखा पातळ. पातळ वस्तू धरायची म्हणजे पुन्हा अंगठा.

मग माझी विद्या कामी आली. दवाखाना बंद केला तेव्हाचं कवळीचं सामान कपाटात होतंच. हिरड्यांसाठी वापरतात तो गुलाबी मसाला कालवला, पान्याभोवती थापला आणि ओला असतानाच मुठीत दाबला. वाळल्यावर माझ्या मुठीचा साचाच! चार बोटांनी धरायचा, अंगठ्यानं नुसती मजा बघायची.

पहिला फारच जाड झाला, माझ्या मुठीत मावेना. दुसरा फक्कड जमला. चांगला तो बोटीवर ठेवणार. जाडा कप्तानांनी घेतला. दिवसभर डाव्या हातात धरून बसले होते. त्यांच्या हाताला बरोबर बसतो, पंजा मोठा ना. जेवतानाही सोडेनात. घेऊ दे, म्हटलं.

चिरंजीव व्हिडिओवर बघून म्हणाले, "आई, हे काय, कुणाच्या हिरड्या?" हसला. बऱ्याच दिवसांनी हसला माझ्याशी.

२८ मार्च, गुरुवार

जमलं. आज चारदा चढवलं, चारदा उतरवलं. एकदाही अडकलं नाही, पडलं नाही, उघडलं नाही. वारा आडवा-तिडवा होता तरी. शेवटच्या खेपेला शीड वर जाऊन ताठ झालं आणि मी काठीला पाठ लावून उभी राहिले. कप्तान जिथे उभे राहायचे तिथे. इथून आमचं घर दिसतं हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी मागे, सुकाणूवर. आमच्या खिडकीत कुणीतरी उभं होतं. हेच असणार.

हात हलवला. दिसला की नाही कोण जाणे.

घरी यायला उशीर झाला. ताटातलं अन्न तसंच. जरा वैताग आला मला. म्हटलं, "असं केलंत तर कसं होणार?" तोंड फिरवून बसले.

२९ मार्च, शुक्रवार

चिरंजीवांचा फोन. उद्या येऊ का म्हणाला. म्हटलं, कशाला, मी बुडतेय का बघायला? "नाही गं, बाबांजवळ बसेन." मी म्हटलं, बाबांना सवय आहे. सगळे धक्क्यावर गर्दी करून आईचं काय होतंय बघणार आणि मग शहाणपणा शिकवणार. नको. एकटीनं करायचं तर एकटीनं.

जरा जास्तच तोडून बोलले. पण मागे घेणार नाही.

३० मार्च, शनिवार, सकाळी

निघतेय. वारा चांगला. पाना खिशात, कडी बोटीवर.

ह्यांना नाश्ता दिला, खिडकीपाशी खुर्ची लावून दिली. म्हटलं, "इथून सगळं दिसेल. तुमचीच कडी लावणार आहे, हं?" उभे राहिले. चालायची काठी हातात घेतली. "कडी," म्हणाले, अगदी हळू. मी त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं, केस नीट केले. म्हटलं, "हो, माहितीये. लांब जबड्याची. अर्धा फेरा. विसरत नाही."

३० मार्च, क्लबच्या बाकावरून

झालं! पास! सेक्रेटरी आत जाऊन शिक्का शोधतायत, तोवर लिहून घेते.

शीड एका दमात वर. बोयापाशी वळताना फाडफाड फडफडलं, मी वर बघितलं, कडी जागच्या जागी. वळसा घेतला, परत आले, काठीपाशी गेले, खाली ओढलं, गुलाबी पान्यानं अर्धा फेरा, सुटली. पिन आतच. कमिटीतल्या एकानं टाळ्या वाजवल्या, मग सेक्रेटरींकडे बघून थांबवल्या.

सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, मानलं. पण तो गुलाबी प्रकार काय आहे?" मी म्हटलं, "हिरडी. तुमच्याही वरच्या डावीकडची उतरलीय, सोमवारी दाखवून जा." ओठ मिटून घेतले. आता महिनाभर माझ्यासमोर हसणार नाहीत.

मी सगळ्यांवर कडी केली! चिरंजीवांवर, दुकानदारावर, कमिटीवर. मला घरात बसवायला निघाले होते. बसा आता तुम्हीच.

घरी जाऊन कप्तानांना सांगायचंय. धावत जाणार आहे.

३० मार्च, घरी

दार नुसतं लोटलेलं होतं. वरच्या बाजूला चार भोकं.

आत टेबलावर कड्यांची रांग. खटक्याची, आखूड, दोरीची. त्यांच्या शेवटी दाराची कडी, बोल्ट आणि नटांसकट, आणि बाजूला तो जाडा गुलाबी पाना. कप्तान खुर्चीत. पायात बोटीचे बूट, डावा उजव्या पायात. कुठेही गेले नव्हते. जाऊ शकले असते.

मी तोंड उघडलं, पास झाले म्हणून सांगायला. त्यांनी दाराच्या कडीवर बोट ठेवलं. "कडी," म्हणाले. ओठ हलत राहिले. मला उत्तर येत होतं, पण ह्या वेळी मी बोलले नाही. खाली बसले आणि थांबले. चहाची वेळ टळून गेली.

"नाही," म्हणाले.